देखभाल नको असलेले घर

आमच्यापैकी एकाचे इतवारीतले वडिलोपार्जित घर भावंडांनी विक्रीस काढले आहे. त्या पैशातून मालवणच्या बाजूला एखादे तयार घर घ्यावे, असा थोरल्या भावाचा विचार. त्यांनी पाठविलेली जाहिरात आम्ही दोघांनी प्राध्यापक-कक्षात वाचली. ‘समुद्रालगत कौटुंबिक घर; देखभालीचा त्रास नाही.’ शेवटच्या तीन शब्दांपाशी आम्ही अडखळलो. मालमत्तेचे भाव आम्हांस कळत नाहीत. पण भाषा शिकविणाऱ्यांना शब्दांचे तरी कळायला हवेत.

मुळात समुद्राकाठी देखभाल न लागणारे घर असते काय? खाऱ्या हवेने लोखंड गंजते, स्लॅबमधल्या सळया फुगून सिमेंटचा थर फोडतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कौलांबरोबर पत्र्यांची छपरेही उडाली. जुन्या घरांची वर्षाची कामे म्हणूनच ठरलेली असत. कोकणात पावसाआधी घर शाकारायचे. आमच्या विदर्भात कवेलू फेरायचे, भिंती पोतारायच्या, अंगण सारवायचे. ही क्रियापदे आज वर्गात समजावून सांगावी लागतात. काम संपले की त्याचा शब्दही कोशात जाऊन बसतो.

तथापि या हळहळीत एक लबाडी आहे, आणि ती आम्हीही वर्षानुवर्षे केली आहे. घर राखले कोणी? महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्या ढासळत्या वाड्यात निमूट राबतो तो चंदू, आणि शिकायची ओढ असून घरात अडकून पडते ती प्रभा. आम्ही वाड्याच्या ऱ्हासावर प्रश्न काढले. चंदूच्या श्रमांवर क्वचितच. इतवारीतल्या त्या घरातही सारवणारे हात आईचे आणि काकूंचे होते, घर मात्र आजोबांच्या नावाने ओळखले गेले. ‘देखभालीचा त्रास नाही’ हे त्या दोघींनी वाचले असते, तर सुटकेचा निःश्वास टाकला असता. त्यांना दोष कोण देईल?

रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कवीच्या कीर्तीमुळे घर टिकले, असे आपण सहज म्हणतो. कीर्तीने छप्पर गळायचे थांबत नाही. त्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी कोणाला तरी वर पाहावे लागते, आणि ते काम कोणाचे हे आधी ठरलेले असावे लागते.

घर विकावे लागले तर विकावे. भावंडे चार गावांत पांगली असता रिकाम्या घराला कुलूप लावून ठेवण्यात कसली निष्ठा? परंतु देखभालीला त्रास म्हणून झटकणे आणि संस्कृती म्हणून ओवाळणे, या दोन्हींत ती करणारी व्यक्ती दिसेनाशी होते. देखभाल हे काम आहे, आणि काम वाटून घेता येते. म्हणून भावाला कळविले आहे: मालवणचे घर घेण्यापूर्वी वर्षभरातली कामे लिहून काढू आणि प्रत्येकापुढे एकेक नाव घालू; बहिणी आणि वहिनी करतीलच, असे गृहीत धरणार नाही. नावे भरली नाहीत, तर घर घेऊ नये.

उत्तर अद्याप आलेले नाही.