संगणकांसाठी सहा हेक्टर

गेल्या पावसाळ्यात एका भंगाराच्या दुकानात लोखंडी टेबल शोधायला गेलो होतो. टेबल काही मिळालं नाही. कोपऱ्यात ताडपत्रीखाली मात्र छातीइतक्या उंचीचं एक करडं कपाट दिसलं. दार उघडलं तर आत उभ्या खाचा, आणि दोन खाचांत अजून हिरव्या पट्ट्या अडकलेल्या. पट्टीच्या कडेला ओळीनं सोनेरी दात.

"काही नाही सर, जुना कम्प्युटर हाये," दुकानदार म्हणाला. "थोडंसं सोनं निघते याच्यातून. बाकी पत्रा."

शेजारी जेवणाच्या ताटाएवढी चार रिळं पडली होती. अर्धा इंच रुंदीची तपकिरी टेप, अजून घट्ट गुंडाळलेली.

"आणि ही?"

"ही शेतवाले नेतात. बांधीवर ताणली का वाऱ्यानं वाजते. धानावर पाखरं बसत नाही."

एका रिळावर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मार्चअखेर. पुसू नये.' ज्यानं ते लिहिलं त्यानं आपलं काम चोख केलं होतं. पुसलं कुणीच नव्हतं. फक्त कुणाची तरी वर्षभराची आकडेमोड आता पाखरं हाकलायला निघाली होती.

हा लेख त्या रिळासाठी आहे, आणि आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या गोदामांत, जिन्याखाली, कुलूपबंद खोल्यांत त्याची जी भावंडं पडून असतील त्यांच्यासाठी. ती वाचवायची आहेत आणि हातात वेळ थोडा आहे.

आधी हे यंत्र कोण होतं ते सांगतो. संगणक म्हटलं की आजच्या पोरांना एक तर टेबलावरचा पीसी आठवतो, नाहीतर जुन्या सिनेमातलं खोलीभर पसरलेलं धूड. या दोघांच्या मधली एक पिढी होती. तिचं नाव मिनी कम्प्युटर. मिनी म्हणजे एका कपाटात मावणारा. अमेरिकेतल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत थाटलेल्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीनं १९६५ साली पीडीपी-८ नावाचं यंत्र १८ हजार डॉलरला विकायला काढलं. मेनफ्रेम घ्यायची ज्यांची ऐपत नव्हती अशा प्रयोगशाळा, कारखाने आणि विद्यापीठं या यंत्रांच्या मागे धावली.

त्याची स्मृती किती होती? प्रत्येकी १२ बिटांचे ४,०९६ शब्द. म्हणजे जेमतेम सहा किलोबाइट. सकाळी सकाळी आत्याबाई व्हॉट्सॲपवर पाठवतात त्या गुलाबाच्या एका चित्रात अशा कितीतरी स्मृती बुडून जातील. ती स्मृतीही चिपवर नव्हती. मोहरीच्या दाण्याएवढ्या फेराइटच्या कड्या, प्रत्येक कडीतून बारीक तारा ओवलेल्या. एका बिटाला एक कडी या हिशेबानं ४९ हजारांवर कड्या. काळ्या मण्यांची पोत ओवावी तसं हे विणकाम होतं, आणि ते करणारे हात बहुतेक बायकांचे होते. एवढ्या भांडवलावर हे यंत्र सेकंदाला तीन लाखांवर बेरजा करत असे. वीज गेली तरी कड्या आपलं चुंबकत्व सोडत नसत, त्यामुळे आठवण शाबूत राहायची. राज्याला वीज देऊन स्वतः भारनियमन सोसलेल्या चंद्रपूरकराला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

एवढ्याशा जागेत प्रोग्राम बसवायचा म्हणजे दोन खोल्यांत बारा माणसांचा संसार. एक शब्दही वाया घालवून चालत नसे. यंत्र सुरू करतानाचे पहिले काही आदेश पुढच्या पाटीवरचे खटके वरखाली करून एकेक भरावे लागत, मग भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचली जाई. आज फोनमध्ये लाखो पटींनी जागा आहे, आणि साधं हवामान दाखवणारं ॲपसुद्धा ती कमी पडते म्हणून रडतं. कमी साधनांत नेटकं काम कसं करावं हे शिकायचं असेल, तर त्या प्रोग्रामांइतके चांगले गुरू नाहीत.

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. भारतात तयार झालेल्या पहिल्या मिनी कम्प्युटरच्या नावातच महाराष्ट्र आहे. टीडीसी-१२ म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तो आकाराला आला, हैदराबादच्या ईसीआयएलनं तो बनवून विकला. साल १९६९. पुढे १९७५ मध्ये १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला. त्याही आधी, १९६० साली, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिफ्रॅक हा पूर्ण संगणक स्वतः उभा केला होता. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनं बाहेरून आणलेला पहिला संगणकही डेटा जनरल कंपनीचा एमव्ही-८००० हा मिनीच होता. आज मूल, वरोरा, ब्रह्मपुरीची पोरं हिंजवडीत ज्या धंद्याची भाकरी खातात, त्याचं पीठ या करड्या कपाटांत मळलं गेलं.

आणि इथे, जंगलात? बल्लारशाहच्या खिडकीवर रांग लावून ज्यांनी तिकीट काढलं आहे, त्यांनी मिनी कम्प्युटर वापरलाच आहे. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरू झालं ते व्हॅक्स-११/७५० या यंत्रांवर. १९७७ साली आलेल्या व्हॅक्स-११/७८० चं हे धाकटं भावंड. ते थोरलं यंत्र सेकंदाला साधारण दहा लाख आदेश पाळणारं म्हणून पुढे कित्येक वर्षं इतर संगणकांचा वेग मोजायची पायलीच झालं. मग १९९४ मध्ये सिकंदराबादला 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली आली, आणि १९९९ पर्यंत देशातली पाचही आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली गेली. कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. तोवर परगावाहून परतीचं आरक्षण म्हणजे तारा पाठवा आणि नशिबावर हवाला ठेवा. यंत्रं बदलली, त्यांची निर्माती डिजिटल कंपनीही १९९८ साली दुसऱ्या कंपनीनं गिळली, पण व्हीएमएस ही त्यांची कार्यप्रणाली पुढेही वर्षानुवर्षं तिकिटं देत राहिली. यंत्र मरतं, सॉफ्टवेअर मागे उरतं. मात्र ते सांभाळणारं कुणी असेल तरच.

बँकांचंही तेच. १९८४ च्या रंगराजन समितीनं आखून दिलं होतं की शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र, विभागीय कार्यालयात मिनी आणि मुख्यालयात मेनफ्रेम. आपल्याकडच्या कुणाच्या तरी आजोबांच्या पीककर्जाचं व्याज अशाच एखाद्या मिनीनं काढलं असणार. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस निकनेट हे सरकारी उपग्रह जाळं देशातल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी पोचू लागलं. त्याच दशकात चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले. ते दोन्ही संच आता निवृत्त झालेत. त्यांच्यासोबतची माणसंही निवृत्त झालीत, आणि माझी खरी धास्ती ती आहे.

कारण यंत्र म्हणजे नुसता पत्रा नव्हे. त्याची चार अंगं असतात. कपाट, त्यातला प्रोग्राम, त्याची पुस्तिका, आणि 'हा दिवा लागला की घाबरायचं नाही, तो लागला की घाबरायचं' हे ठाऊक असलेला माणूस. चारांतलं एक गेलं तरी उरलेली तीन लंगडी होतात. त्या काळची 'एसी रूम' आठवणारे लोक अजून आपल्यात आहेत. दारात चपला काढायच्या, आवाज करायचा नाही. मे महिन्यात साऱ्या कार्यालयाला नेमकी त्याच खोलीत कामं निघायची, कारण गारवा फक्त कम्प्युटरच्या वाट्याला होता. हे ऑपरेटर आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे चकरा आणखी किती वर्षं मारता येतील?

बाकी तीन अंगांचे वैरी इथे मुबलक आहेत. ४७ अंशांचा उन्हाळा आणि लगेच मागून येणारी पावसाळ्याची ओल टेपवरचा थर चिकट करून टाकतात. चिकट टेप वाचायला लावली की थरच निघून येतो, आणि जे वाचायचं तेच खरवडलं जातं. बोर्डावरच्या जुन्या बॅटऱ्या पाझरून तांब्याच्या रेषा खातात. पुस्तिकांना वाळवी आहे. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे निर्लेखन समितीची सही. डेडस्टॉक रजिस्टरमधून नाव कमी झालं की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात.

"वाघ वाचवायचे, जंगल वाचवायचं, आता कम्प्युटर पण?" असं मला एका मित्रानं विचारलंच. त्याला मी आलापल्लीला यायला सांगितलं. आलापल्लीच्या सागाची वर्षानुवर्षं तोड झाली. लाकूड विकलं गेलं, त्यावर घरं चालली, त्यात वावगं काही नाही. पण १९५३ साली वनखात्यातल्या कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि सहा हेक्टरांचा एक तुकडा जसाच्या तसा सोडला. कुऱ्हाड नाही, नवी लागवड नाही, पडलेलं झाडही तिथेच कुजायचं. आज तेच आपलं 'वनवैभव', २०१४ पासून राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ. मूळ जंगल कसं होतं हे पाहायचं तर तिथे जावं लागतं. सगळं जंगल राखा असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. नमुना राखा, एवढंच.

मी तेवढंच मागतोय. सगळी कपाटं ठेवू नका. पण सहा हेक्टर सोडा.

साहेब, तुमच्या कार्यालयात मार्चअखेरची आवराआवर लवकरच सुरू होईल. भंगाराच्या यादीवर सही करण्याआधी एकदा स्वतः खोलीत जा. कपाटावरची नावाची पाटी, आतले बोर्ड, टेपवरच्या चिठ्ठ्या यांचे फोटो काढा. लिलावाआधी एखाद्या महाविद्यालयाला विचारा. आणि कौतुकानं प्लग लावून बघू नका. तीस वर्षं झोपलेल्या पॉवर सप्लायला एकदम वीज दिली की कपॅसिटर फुटतो, आणि जे वाचलं होतं तेही जातं.

निवृत्त काकांनो, मावश्यांनो, माळ्यावरच्या त्या जाड छापील कागदांची रद्दी करू नका. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, कडेला भोकं असलेल्या कागदावर छापलेला प्रोग्राम म्हणजे अख्खा प्रोग्राम असतो. युनिक्स या प्रणालीची १९७० च्या दशकारंभीची आवृत्ती अशीच हरवली होती. छापील कागदांची एक चळत सापडली, स्वयंसेवकांनी ती अक्षर अक्षर उतरवून काढली आणि २००८ साली ती प्रणाली पुन्हा चालती झाली. तुमच्या चळतीत काय असेल ते तुम्हालाच ठाऊक. लॉगबुकही जपा. रात्रपाळीत कुणी कोणती चूक कशी निस्तरली ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि पोरांनो, चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकीतल्या, बल्लारपुरातल्या, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या. यंत्र मिळालं नाही म्हणून अडत नाही. सिमएच नावाचा फुकट प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या, पीडीपी आणि व्हॅक्स दोन्ही त्यात जिवंत होतात. सहा किलोबाइटांत काही लिहून बघा, घाम फुटेल. मग फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून शेजारच्या काकांसमोर बसा आणि विचारा, "तुमची मशीन बंद पडली की तुम्ही काय करायचे?" चहा दोनदा येईल, पण उत्तर संपणार नाही. इंग्लंडात हारवेलचा १९५१ चा संगणक २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला तो अशाच हौशी आणि निवृत्त मंडळींच्या हातांनी.

विद्यापीठाकडे मागणं एका खोलीचं. कोरडी, कुलूप असलेली, वाळवी न लागणारी खोली, आणि नोंद ठेवणारा एक माणूस. भंगारवाल्या भावांनाही मान द्या. खजिना पहिल्यांदा त्यांच्याच हाती लागतो. पत्र्याच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर तेच आपल्याला फोन करतील.

आपल्याच्यानं होईल का? चंद्रपूर शहराला हा प्रश्न शोभत नाही. गोंडकालीन परकोटावर झुडपं माजली होती, बुरूज कचऱ्यात बुडाले होते, तेव्हा २०१७ साली 'इको-प्रो' संस्थेची पोरं फावडी-टोपली घेऊन रोज सकाळी तिथे जाऊ लागली. शेकडो दिवस गेली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला तो नंतर, पहिलं टोपलं आधी उचललं गेलं.

त्या चार रिळांपैकी दोन मी पत्र्याच्या भावात घेऊन आलो. उरलेली दोन दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर गेली होती. दिवाळीच्या आधी नागभीडकडे जाताना एका बांधीवर तपकिरी पट्टी ताणलेली दिसली. गाडी थांबवली. वाऱ्यानं ती खरंच वाजत होती, भुंग्यासारखी. माझंच रीळ असेल असं नाही. पण कुणाचं तरी होतंच.

त्या कड्यांच्या स्मृतीची एक गंमत होती. कडीतला बिट वाचला की वाचताक्षणीच पुसला जायचा. म्हणून यंत्र प्रत्येक वेळी वाचलेलं लगेच त्याच कडीत परत लिहायचं. दिवसाला कोट्यवधी वेळा, न कंटाळता. आठवण टिकवण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नव्हता. आपल्याकडेही नाही. मार्चअखेर जवळ येतेय. आपापल्या कार्यालयातल्या त्या खोलीचं कुलूप या आठवड्यात उघडा.