हेवाळे-बांबर्ड्याची राई

एखाद्या स्थळास ‘वारसा’ म्हणून घोषित केल्याने त्याचे रक्षण आपोआप होते, असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाच्या राईच्या बाबतीत या सत्याचा विसर पडू नये.

दलदलीत वाढलेल्या या राईची नोंद अभ्यासकांनी २०१८ मध्ये केली. २०२१ मध्ये शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. देवराई म्हणून ग्रामस्थांनी तेथे कुऱ्हाड चालू दिली नाही, म्हणूनच ती शिल्लक राहिली. शेजारच्या गोव्यात, सत्तरीतील निरंकाराची राईही अशाच श्रद्धेने राखलेली आहे.

हा वृक्ष गोड्या पाण्याच्या चिखलात उभा असतो; श्वासासाठी त्याची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. त्याचे बी वाळले की मरते. तांबड्या जायपत्रीच्या लोभाने धनेश ते दूर नेईलही. परंतु जेथे ओल नाही तेथे ते रुजणार कसे? पश्चिम घाटात उत्तरेकडे यावे तसतसा कोरडा ऋतू लांबत जातो, आणि अशा ज्ञात दलदलींपैकी अगदी उत्तरेकडील दलदलींत ही राई मोडते. पाऊस चार दिवसांत कोसळून वाहून गेला आणि उन्हाळा अधिक तापला, तर पहिला घाव येथेच बसेल.

जगाच्या बदलत्या हवामानास दोडामार्ग काय करणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु हवा आपल्या हाती नसली, तरी पाणी आहे. राईची ओल म्हणजे भोवतालच्या उतारांवर मुरलेला पाऊस. त्या उतारांवरील रान गेले, तर राईभोवतीचे कुंपण काय कामाचे? या परिसरात रबराच्या लागवडीसाठी जंगल तुटले आहे. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीस मनाई केली; २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. न्यायालयास हे सांगावे लागले, ही गोष्ट शासनास भूषणावह नाही.

राईचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र संरक्षित व्हावे, आणि तेथील खासगी रान राखणाऱ्या मालकास त्याचा रास्त मोबदला मिळावा, अशी आमची मागणी आहे. आजवर देवाच्या धाकाने राई राखली. तिचे पाणी राखणे हे कायद्याचे काम आहे.