यंत्रे मोजलीत, आता तपासण्याही मोजा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारण तीनदा डायलिसिस करावे लागते. म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक खेपा, आणि प्रत्येक खेपेला रक्त शरीराबाहेर जाऊन यंत्रातून परत येते. 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरिबांना ही सोय मोफत मिळू लागली, याचे आम्ही स्वागतच करतो. पण यंत्रे किती बसवली, एवढ्यावर हिशेब संपत नाही.

या खेपांतच हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचा धोका असतो. एका रुग्णाचे हातमोजे घालूनच दुसऱ्याला हात लावला, हेपॅरिनची एक बाटली अनेकांसाठी वापरली, की विषाणू रक्तावाटे पुढे सरकतो. त्यावर लस नाही, आणि बहुतेकांना वर्षानुवर्षे काही जाणवतही नाही. अशा हयगयीची किंमत शेजारच्या गुजरातने मोजली आहे. 2009 साली मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले.

वयाच्या विशीत डायलिसिसवर आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे यात सर्वाधिक नुकसान होते. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची आशा, नोकरी, संसार सारे पुढे असते आणि तेवढ्यात यकृतही पोखरू लागते. समाधानाची बाब अशी की, आज हा रोग पूर्ण बरा होतो. साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण विषाणूमुक्त होतात, डायलिसिसवरचेसुद्धा. 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. अडते ते तपासणीपाशी.

समाजबांधवांनो, थोडे आपल्या घरातही पाहू. 'लग्न जुळायचे आहे, बोभाटा नको' म्हणून अहवाल कपाटात ठेवण्याची आपल्या जुन्या घराण्यांची सवय या रोगात घातक ठरते. एका पंगतीत जेवल्याने वा एका तांब्यातले पाणी प्यायल्याने हा रोग लागत नाही. लपवल्याने मात्र उपचार लांबतात.

आमची मागणी साधी आहे. किलवणीचा रुग्ण सेलवासला जावो वा वापी-वलसाडला, डायलिसिस सुरू करताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्याची हिपॅटायटिस सीची तपासणी व्हावी व अहवाल त्याच्या हाती द्यावा. नवी लागण आढळल्यास केंद्राची चौकशी व्हावी. किती रुग्ण तपासले, किती नव्याने बाधित झाले, हे आकडे नावांशिवाय जाहीर व्हावेत.

आपल्या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. आपला प्रश्न सभागृहात मांडणारा आमदार नाही. म्हणून प्रशासकांकडे आणि खासदारांकडे हे निवेदन आपणच नेले पाहिजे. ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांनी त्यावर पहिली सही करावी. बाकीच्यांनी त्यांच्या मागे उभे राहावे.