एका रुपयात गेलेली अब्रू

पीकविम्यात तंत्रज्ञान आले की दलाली संपेल, असे प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली त्या २०१६ सालापासून आपण ऐकतो आहोत. पोर्टल आले, ॲप आले, उपग्रहाची छायाचित्रे आली. दलाली गेली नाही. ती संगणकासमोर जाऊन बसली.

२०२३च्या खरिपापासून महाराष्ट्राने एका रुपयात विमा दिला. शेतकऱ्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता सरकारने भरला, म्हणजे जनतेने भरला. त्याचे आपण काय केले? देवस्थानाच्या आणि सरकारी जमिनींवर पिके दाखवली. जिथे रोप नाही तिथे फळबागा उभ्या केल्या. दुसऱ्याच्या शेताचा खोटा भाडेकरार जोडून स्वतःचे बँक खाते पुढे केले. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये मिळत. मग खरे-खोटे पाहतो कोण? ई-पीक पाहणी २०२१पासून राज्यभर होती. अर्जातले पीक आणि शेतातले पीक पडताळण्याचे साधन हाताशी होते, इच्छा नव्हती. आणि गाव काय करत होते? गावाला सगळे ठाऊक होते. पारावर या चोरीला 'हुशारी' म्हटले गेले.

आता त्याच काळातल्या खऱ्या नुकसानग्रस्ताकडे पाहा. पावसाने सोयाबीन पाण्याखाली गेले की त्याला ७२ तासांच्या आत पूर्वसूचना द्यावी लागे. वीज नाही, रेंज नाही, ओटीपी जाई शहरातल्या मुलाच्या मोबाइलवर. मुदत टळली की दावा फेटाळला जाई. लबाडाला पोर्टलने एक प्रश्न विचारला नाही, बुडालेल्याला मात्र शंभर विचारले.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा लेखणी हाती असलेला अंमलदार निरक्षर कुणब्याला नाडत होता. आज लेखणीच्या जागी लॉगिन आहे. फरक इतकाच, की आता नाडणारा बहुतेकदा त्याच कुणब्याचा शिकलेला पुतण्या असतो.

या पापाचे प्रायश्चित्त कोणी घेतले? लाखो बोगस अर्ज उघडकीस आले आणि २०२५मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली गेली. शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता आला. स्थानिक आपत्तीची भरपाई वगळली. पीककापणी प्रयोगातून महसूल मंडळाचे जे सरासरी उत्पादन निघेल, तेवढ्यावरच हिशेब उरला. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांत शिरल्या, माती खरवडून गेली, तेव्हा हे संरक्षण नव्हते. चोरी एकाने केली, शिक्षा दुसऱ्याने भोगली. कंपन्यांचा नफा, अधिकाऱ्यांची झोप, नेत्यांची मतांची घाई यांचा दोष मोठा आहेच. पण शेजाऱ्याची लबाडी पाहून गप्प बसलेला प्रत्येक जण त्यात भागीदार आहे.

शेतकरी ओळख क्रमांक आला, उद्या उपग्रह अधिक बारकाईने पाहतील. जो समाज डोळ्यांदेखतची चोरी पाहत नाही, त्याला उपग्रह काय दाखवणार? प्रत्येक हंगामात विमा उतरवलेल्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. खोट्या नावावर भर सभेत बोट ठेवा. फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण मराठीत, लेखी मागा. एवढे धैर्य नसेल, तर पोर्टलला शिव्या देण्याचा अधिकार आपल्याला नाही.