सत्तावीस गावे, एक शहर

डोंबिवली स्थानकातून मानपाडा रस्त्याने कल्याण-शीळ मार्गाकडे निघाल्यास शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले, हे आज सांगता येत नाही. सागाव, सोनारपाडा, मानपाडा ही नावे आता थांब्यांची आणि गृहसंकुलांच्या पत्त्यांची झाली आहेत. सरकारी कागदांवर मात्र ही सीमा चार दशके हलत राहिली आणि डोंबिवलीच्या अनेक दुखण्यांचे मूळ तेथेच आहे.

रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली, तरी डोंबिवलीला स्थानक मिळण्यास १८८७ साल उजाडले. भोवती भातखाचरे, खाडीलगत आगरी पाडे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागा परवडेनाशी झालेल्या नोकरदारांनी येथे दोन खोल्यांचे घर शोधले. १९२४ मध्ये स्थापन झालेले गणेश मंदिर, वाचनालये, फडके रस्त्यावरची दिवाळी पहाट यांतून सुसंस्कृत डोंबिवलीची प्रतिमा घडली. तिचे कौतुक पुष्कळ झाले. ज्यांच्या शेतावर ती उभी राहिली, त्यांची बाजू फारशी कोणी मांडली नाही. १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत आली, तिच्यासाठी जमिनी गेल्या. उरलेली शेती पुढे गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. कारखान्यांना खेटून वस्ती वाढली. त्याची किंमत मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांनी दाखवून दिली. दोन्ही वेळा दहाहून अधिक जीव गेले.

१९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली, तेव्हा परिसरातील २७ गावे तिच्यात घेण्यात आली. कर महापालिकेचा आणि सोयी ग्रामपंचायतीच्या, अशी ग्रामस्थांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. २००२ मध्ये गावे वगळण्यात आली. २०१५ मध्ये ती पुन्हा आत आली. मार्च २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषदेची घोषणा झाली, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. निवडणुका जवळ आल्या की गावांचा प्रश्न आठवतो, हा राजकीय पक्षांचा शिरस्ता येथील मतदारांच्या अंगवळणी पडला आहे. स्वतंत्र नगरपालिकेची मागणी करणाऱ्या संघर्ष समितीत सर्व पक्षांचे लोक आणि विरोधी निर्णय घेणाऱ्या सत्तेतही तेच पक्ष, हा विरोधाभास कोणाला खटकतही नाही.

या ये-जा करण्याचा खरा फटका नियोजनाला बसला. २००२ ते २०१५ हा काळ मुंबईतील घरांच्या किमती भडकण्याचा आणि म्हणूनच या गावांत बांधकामे फोफावण्याचा. त्या काळात दैनंदिन कारभार ग्रामपंचायतींकडे होता. सात-आठ मजली इमारतींवर लक्ष ठेवण्यास ना त्यांच्याकडे अभियंते होते, ना निधी. रस्त्याची रुंदी, सांडपाण्याची वाहिनी, शाळेचे आरक्षण या गोष्टी इमारतींच्या आधी ठरायच्या असतात. येथे इमारती आधी आल्या. २०११ च्या जनगणनेत गावे वगळूनही महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली होती. २०१५ मध्ये आधीच दमलेल्या त्या यंत्रणेच्या गळ्यात हा न आखलेला पसारा पडला.

पाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. बारवी धरण फार दूर नाही, औद्योगिक विकास महामंडळाची वाहिनी याच परिसरातून जाते, तरीही गावांतील टंचाई हटली नाही. मे २०२२ मध्ये संदप येथील खदाणीत कपडे धुण्यासाठी गेलेल्या देसलेपाड्यातील एकाच कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. त्या वेळी ही गावे महापालिकेतच होती. गावांसाठी अमृत योजनेतून पाणीपुरवठ्याची कामेही मंजूर झालेली होती.

त्याच वर्षी डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविण्यात आली होती. नोंदणी क्रमांक पाहून बँकांनी कर्जे दिली, ग्राहकांनी घरे घेतली. परवानगी खरी की खोटी, हे महापालिकेला एक पत्र पाठवून कळले असते. ते पत्र कोणी पाठविले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. घर वाचविण्यासाठी धावणाऱ्या रहिवाशांना दाद मागायला नगरसेवकही उरला नव्हता. हातात खरेदीखत होते आणि गृहकर्जाचे हप्ते सुरू होते.