सुईणीची साथ

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र मागील वर्षीं आम्हांस आलें. त्याची कन्या इंग्लंडांत संसार करते. तिचें पहिलें बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालें. आणि दुसऱ्या खेपेस ती घरींच, सुईणीच्या हातून बाळंत होऊं म्हणत होती. बाप घाबरून गेला. "गुरुजी, आपला शब्द ती मोडणार नाहीं, तिला चार गोष्टी सांगा," अशी त्याची विनवणी होती. आम्हीं लागलीच लेखणी उचलून दोन पानें उपदेश लिहिला. तो टपालांत पडण्यापूर्वीं आमच्या सौ.नीं वाचला व एवढेंच विचारलें, "अहो, आपल्या मुलीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां तिला कोणीं विचारलें होतें?"

आम्ही निरुत्तर झालों. डॉक्टरांनीं सांगितलें, जांवयांनीं सही केली, आम्हीं बाहेर बाकावर बसून मान डोलावली. मुलगी शुद्धीवर होती. पण तिचें मत घ्यावें हें आमच्या ध्यानींही आलें नाहीं. तें पत्र आम्हीं फाडलें आणि आधीं विषय समजून घेण्याचें ठरविलें.

एकदां पोट उघडलें कीं पुढेंही तेंच, हा दंडक न्यूयॉर्कच्या डॉ. क्रॅगिन यांनीं १९१६ सालीं सांगितला. पहिली शस्त्रक्रिया उगाच करूं नये, हा त्यांचा खरा रोख होता. लोकांनीं मात्र उत्तरार्धच पाठ केला! त्या काळीं गर्भाशयावर उभा छेद घेत असत, व पुढील कळांच्या ताणानें तो व्रण फाटण्याचें भय मोठें असे. पुढें ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनीं गर्भाशयाच्या खालच्या भागीं आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला, आणि तें भय पुष्कळ कमी झालें. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजानें २०१५ सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें, अशा एका शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिक प्रसूतीचा यत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं ७२ ते ७५ जणींस यश येतें. व्रण फाटण्याचा प्रसंग सुमारें दोनशेंत एकीवर येतो.

दोनशेंत एक ही संख्या लहान खरी. पण ती एक आपल्या घरची असली तर मिनिटें मोजावीं लागतात, आणि घरीं शस्त्रक्रियागृह नसतें. म्हणूनच अशी प्रसूति रुग्णालयांत, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर अखंड लक्ष ठेवून व्हावी, असा त्याच कॉलेजाचा सल्ला आहे. उलटपक्षीं, शस्त्रक्रिया पुनःपुन्हां केल्यानें पुढील गरोदरपणीं वार जुन्या व्रणांत रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. सारांश, निर्धोक असा मार्ग कोणताच नाहीं.

मग निर्णय कोणीं करावा? इंग्लंडच्या अपील न्यायालयानें १९९८ सालीं निकाल दिला कीं, शुद्धबुद्धीच्या गर्भवतीवर तिच्या संमतीवांचून शस्त्रक्रिया करणें बेकायदेशीर आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं आणखी सांगितलें कीं, महत्त्वाचे धोके व दुसरे मार्ग तिला समजावून देणें हें डॉक्टरांचें कर्तव्यच होय. परंतु हक्क हातीं देऊन "आतां तुझें तूं पाहा" म्हणणें म्हणजे पोहतां न येणाऱ्यास नदी मोकळी करून देण्यासारखें आहे! येथेंच सुईणीचें काम सुरू होतें.

त्या मुलीनें आम्हांस सविस्तर लिहिलें. एक अनुभवी सुईण घरीं येऊन दोन तास बसली. तिनें ना रागें भरलें, ना भलती भर दिली. पूर्वीचा छेद कसा होता, वार कोठें आहे, रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हें तिनें पाहिलें. दोनशेंतली ती एकही तिनें लपविली नाहीं. रुग्णालयांत जाणेंच बरें, हें आपलें मतही तिनें सांगितलें. पण मत जुळलें नाहीं म्हणून साथ सोडली नाहीं. रक्त जाऊं लागलें, दोन कळांच्या मध्येंही दुखत राहिलें, बाळाचे ठोके बिघडले किंवा प्रगति थांबली, तर तत्काळ निघावयाचें, असें दोघींनीं मिळून लिहून ठेवलें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकागारांतील परिचारिका कशा असाव्यात याचें वर्णन आहे: पुष्कळ वेळां प्रसवलेल्या, स्नेहशील व प्रसंगीं काय करावें हें जाणणाऱ्या. तें वर्णन आम्हांस सहजच आठवलें.

वेळ आली तेव्हां दोन सुइणी हजर होत्या. दर पाव तासानें त्या ठोके ऐकत. रात्र सरली, पण प्रसूति पुढें सरकेना. "आतां निघूं या," थोरली सुईण म्हणाली. आणि मुलगी एक शब्द न बोलतां उठली. रुग्णालयांत पुन्हां शस्त्रक्रियाच झाली. माता व बालक सुखरूप आहेत. बाप म्हणाला, "म्हणजे एवढा खटाटोप व्यर्थच!" मुलीनें उत्तर धाडलें, "बाबा, या खेपेस सही मीं केली."

आमच्या वाचकभगिनींनीं याचें अनुकरण करून घरीं बाळंत व्हावें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसें शिक्षण घेतलेल्या सुइणी आपल्याकडे फार थोड्या आहेत. त्या तयार करण्याचें धोरण भारत सरकारनें २०१८ सालीं आंखलें. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शेंकडा २१.५ प्रसूति शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें, आणि खाजगी रुग्णालयांत तर शेंकडा ४७. तेव्हां हा प्रश्न आपल्याही माजघरांत आला आहे. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत, छेद कोणता होता हें लिहून घ्यावें, पुढल्या खेपेस नैसर्गिक प्रसूति शक्य आहे कीं काय हें डॉक्टरांस आरंभींच विचारावें. आणि या साऱ्याच्या आधीं, जिला बाळंत व्हावयाचें आहे तिला विचारावें. मागील महिन्यांत आम्हीं आमच्या मुलीची क्षमा मागितली. ती हंसली, आणि मग बराच वेळ बोलत राहिली. सतरा वर्षें तें तिच्या मनांत होतें.