हमालाचा मालक कोण?



नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीतल्या कारखानदाराला कामगार कायद्याचा प्रश्न पडला की तो सल्लागाराकडे जातो. हजेरीपत्रक कसे ठेवावे, कंत्राटदार मध्ये घातला तर जबाबदारी कोणावर, कामगार आयुक्तांच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे, हे वकील फी घेऊन सांगतात. त्यात वावगे काही नाही. ज्याच्या मानेवर कायद्याचे जू, त्याने कायदा समजून घ्यावाच. पण त्याच कायद्याने मालक ठरवलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला कोण देतो?

होय, आपणही मालकच! 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीचा दुसरा भाग शेतीसाठीच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत विरले. शेतीवरचे किमान वेतनाचे बंधन मात्र उठलेले नाही. कापूस वेचायला चार बाया बोलावल्या की तुम्ही मालक झालात. वेचणीचा दर ठरतो किलोवर, कायद्याचे वेतन दिवसावर. पहिल्या वेचणीला दोन्ही हिशेब जुळतात. शेवटच्या वेचणीला बोंडे विरळ, बाई दिवसभर वाकते आणि ओटी भरत नाही. तिला पुरी मजुरी मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण ती मजुरी कापसाच्या आणि ज्वारीच्या भावातही धरलेली पाहिजे. वेतन ठरवणारे सरकार आणि भाव पाडणारे सरकार वेगवेगळे नाही.

हे झाले शिवारातले. बाजारात उलटाच चमत्कार आहे. मनमाडच्या बाजार समितीत ट्रॅक्टर उभा करा, माल विका आणि पट्टी हातात घेऊन वाचा. हमाली, तोलाई, वाराई. हमालाला कामावर आपण ठेवत नाही, काढत नाही, त्याचा दर ठरवत नाही. तरी त्याच्या मजुरीचा पैसा आपल्या पट्टीतून जातो. आणि माल भुईकाट्यावर ट्रॅक्टरसकट तोलला असेल, तर तोलाई कसली? मापाऱ्याने तर तराजूला हातही लावलेला नसतो.

हमालाशी आपले वैर नाही. दुष्काळात गाव सोडलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचाच तो पोर. त्याच्यासाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला आणि चांगले केले. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला कायम मालक नसतो, आज या दुकानात, उद्या त्या. म्हणून मंडळ काढले. मालकाने मंडळात नाव नोंदवायचे, मजुरी तिथे भरायची आणि वर लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, दवाखाना. सगळी मेख एका शब्दात आहे: मालक. लेव्ही मालकाने द्यायची, तर बाजारात मालक कोण?

एप्रिल 2024 मध्ये हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात रस्त्यावर आला. लेव्हीचा वाद जुनाच होता, कोर्टकचेऱ्या झालेल्या होत्या. व्यापाऱ्यांनी पवित्रा घेतला, की यापुढे शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापणार नाही, मग लेव्हीही आमच्याकडे मागू नका. हमाल-मापारी कामावर आले नाहीत. जिल्ह्यातल्या बहुतेक बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. डिसेंबर 2023 पासूनची निर्यातबंदी डोक्यावर होतीच, ती मे 2024 मध्ये उठली. व्यापाऱ्यांकडे वकील, हमालांकडे युनियन आणि कायद्याने दिलेले मंडळ. शेतकऱ्याकडे काय, तर उन्हात सुकणारा कांदा. पैसा ज्याच्या पट्टीतला, तो त्या खटल्यात पक्षकारसुद्धा नाही!

जुलै 2016 मध्येही हेच झाले होते. सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले आणि बाजार बंद पडले.

मजूर कोणाच्या नावावर लागला, यावर एकाच पोत्याची हमाली किती बदलते, ते मनमाडकरांना वेगळे सांगायला नको. अन्न महामंडळाची गुदामे गावालगत आहेत. शांता कुमार समितीने 2015 च्या अहवालात देशभरचा हिशेब मांडला: महामंडळाच्या खात्यातल्या हमालावर महिन्याला सुमारे 79,500 रुपये खर्च, थेट मोबदला पद्धतीतल्यावर 26,000 आणि कंत्राटी हमालावर 10,000. ओझे तेच, पाठही तशीच.

आता जिल्हा बैठकीपुढे माझे म्हणणे. कारखानदार मिळून वकील ठेवतात, तसा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून जिल्ह्यासाठी एक ठेवावा. लेव्हीचा वाद जिथे चालेल तिथे शेतकऱ्याला पक्षकार करून घ्यावे, असा अर्ज त्याने द्यावा. भुईकाट्यावर तोललेल्या मालाची तोलाई कोणत्या नियमाने कापली, हे प्रत्येक बाजार समितीला लेखी विचारावे. वेचणीच्या मजुरीचा हिशेब गावोगाव लिहून काढावा, म्हणजे हमीभावाच्या सुनावणीत तोंडी बोलण्याची वेळ येणार नाही. यासाठी कागद लागतील. बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या पट्ट्या घेऊन या. कापूस, ज्वारी, मका, कांदा, कशाचीही चालेल. फाटलेली असली तरी आणा.